रेवतीने वाचून दाखवलेला कागद

माणसाच्या पोटात डावीकडे, बरगड्यांच्या आडोशाला, प्लीहा नावाचा एक अवयव असतो, हे मला चाळिशी आली तरी नीटसं ठाऊक नव्हतं. शाळेत शिकले असेन, परीक्षेपुरतं. त्या प्लीहेला मार लागला तर कधीकधी डावा खांदा दुखतो, हे तर तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं. जखम पोटात आणि तक्रार खांद्याची, हे असं का, म्हणून मी डॉक्टरांना इतक्या वेळा विचारलं की शेवटी त्यांनी जेवणाच्या मेनूच्या पाठीमागे चित्र काढून दिलं: आत सांडलेलं रक्त छातीखालच्या पडद्याला डिवचतं, आणि त्या पडद्याच्या आणि खांद्याच्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात. ते चित्र अजून आमच्या फ्रिजवर आहे.

ज्यांची मुलं मैदानावर खेळायला जातात आणि ज्यांनी क्लबच्या एखाद्या कागदावर घाईघाईत सही केलेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. म्हणजे बहुतेक सगळे आईबाप आलेच. मुलगी बरी आहे. आत्ता बाहेरच्या खोलीत आजीशी टीव्हीच्या रिमोटवरून वाद चाललाय. हे आधीच सांगून टाकते, कारण असलं काही वाचायला घेतलं की मी स्वतः आधी शेवटचं पान बघते.

घरात वाचणारे

मी सांगलीची. नवरा रघू तंजावरकडचा, म्हणजे त्याचे लोक कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहून घरात मराठी बोलणारे. त्यांची मराठी जुनी आहे आणि तिला तमिळचा हेल आहे. माझी आई पहिल्यांदा सासूबाईंशी फोनवर बोलली तेव्हा म्हणाली, "सगळं समजलं, पण कुणी पोथी वाचतंय असं वाटलं." सासूबाईंना आम्ही सगळेच अम्मा म्हणतो.

माझं ऑफिस शोळिंगनल्लूरला, रघूचं पुढे सिरुसेरीला. लग्न होऊन इकडे तमिळ मुलखात आले त्याला बरीच वर्षं झाली, तरी तमिळ मला फक्त बोलता येतं, तेही भाजी आणि रिक्षापुरतं. वाचता येत नाही. शिकायचं राहूनच गेलं, कारण घरात वाचणारे होते. आधी रघू आणि अम्मा, आणि मग रेवती. तिच्या शाळेत तमिळ आहे. अक्षरं जुळवता यायला लागली तशी ती माझी वाचकच झाली. लिफ्टमधली सूचना, पाणी येणार नसल्याची चिठ्ठी, गॅसवाल्याचा निरोप, सगळं ती वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची. बाहेरून इथे आलेल्या बऱ्याच घरांत असंच चालतं. पोरं वाचतात, आईबाप मान डोलावतात. मला तर त्याचं भारी कौतुक होतं, पाहुण्यांसमोर मी तिला मुद्दाम वाचायला लावायचे.

कबड्डीचं वेड माझ्याकडून आलं. सांगलीत शाळेच्या संघात मी चढाईला जायचे. आमच्या घरामागे एका शाळेचं मैदान आहे, तिथे रविवारी सकाळी सेल्वम मास्टर मुलींना कबड्डी शिकवतात. निवृत्त पीटी शिक्षक, शिट्टी गळ्यात आणि छत्री काखेत. रेवती दोन-तीन रविवार गेली आणि मग एका शनिवारी तो कागद घेऊन आली.

मी कणीक मळत होते. रघू शिफ्टला, अम्मा देवळात. कागद अख्खा तमिळमध्ये. "वाच," म्हटलं.

तिने उभ्याउभ्या वाचलं आणि सांगितलं. "खेळताना लागलं, पडलं, हाड मोडलं किंवा काहीही झालं, तर क्लब जबाबदार नाही, मास्टर जबाबदार नाही, मैदानवाले जबाबदार नाहीत. सगळी जबाबदारी आईवडिलांची. हे आईवडील आपल्या खुशीने लिहून देतात. इथे तुझी सही."

"म्हणजे तू पडलीस की मला पकडून नेणार," मी म्हटलं. हात पुसले आणि सही केली.

माझं कामच आहे ते. मोबाइलवरची ॲप बाहेर पडण्याआधी तपासायची असतात, आणि प्रत्येकात सुरुवातीला 'मला मान्य आहे' असा एक चौकोन असतो. दिवसभर मी मान्य करत असते. काय मान्य केलं हे कुणी विचारलेलं नाही.

खांदा

त्या रविवारी रेवती मैत्रिणीच्या आईबरोबर घरी आली. पकड करताना एका मोठ्या मुलीचा गुडघा हिच्या कुशीत बसला होता. मास्टरांनी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं, विचारलं. ती म्हणाली, "ओण्णुम इल्ल." काही नाही. मैत्रिणीच्या आईने विचारलं, तेव्हाही तेच. घरी मी विचारलं तर मराठीत, "काही नाही."

दुपारी म्हणाली, खांदा दुखतोय.

अम्मांनी तिला जवळ घेतलं. "वाकडी निजलीस की काय गे? ये, तेल चोळतें." त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एक तेल आहे. त्यांनी खांदा चोळला, मी वर बाम लावला, रघूने टॉवेल गरम करून शेकलं. एकाच खांद्यामागे घरातली तीन माणसं लागली होती. पोटाला कुणी हात लावला नाही आणि तिने लावू दिला नसता. ती कुशीवर हात ठेवून निजली होती, मला वाटलं सवय.

दहीभात नको म्हणाली. तिथे मला थोडं चमत्कारिक वाटलं. आमच्या घरात दहीभात नको म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचंय.

सोमवारी शाळा बुडवली. मी घरून काम करत होते. दुपारी ती तोंड धुवायला उठली आणि बेसिनपाशी खाली बसली. पडली नाही, बसली, सावकाश, भिंतीला धरून. चेहरा पांढरा पडला होता. मी "काय होतंय" विचारलं तर तेव्हाही ओठ हलले ते "काही नाही" असेच. रिक्षात अम्मा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि मी रघूला फोन लावत होते. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर मेट्रोचं खोदकाम चालू होतं आणि रिक्षा हलत नव्हती, तेवढंच त्या प्रवासाचं आठवतं.

दुसरी सही

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी खांद्याबद्दल ऐकलं आणि खांद्याकडे पाहिलंच नाही. थेट पोटावर हात ठेवला. रेवती पहिल्यांदा ओरडली. मग सोनोग्राफी, स्कॅन, धावपळ. प्लीहा फाटली आहे, आत रक्तस्राव झालाय, असं त्यांनी सांगितलं. बऱ्याचदा ऑपरेशन करावं लागत नाही, नुसतं पडून राहिलं की भरून येतं. पण लक्ष ठेवायला हवं. रक्त चढवावं लागेल, आणि रक्तस्राव थांबला नाही तर ऑपरेशन, कदाचित प्लीहा काढावीही लागेल.

निदान ऐकताना मी काय केलं असेल? मी विचारलं, "मग खांदा का दुखतोय?" आता वाटतं, जे समजत होतं ते इतकं भयंकर होतं की मी जे समजत नव्हतं त्यालाच धरून बसले. कुतूहल हा माझा स्वभाव आहे असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं की घाबरले की मी प्रश्न विचारते.

सिस्टर संमतीचा कागद घेऊन आल्या. रक्तासाठी एक, ऑपरेशनची वेळ आली तर एक. रघू अजून वाटेतच होता. कागद इंग्रजीत, म्हणजे मला वाचता येणारे. मी पेन उघडलं.

"आई, सही नको करू."

रेवतीला सलाईन लागलं होतं, नाकाला प्राणवायूची नळी. मला वाटलं ऑपरेशनला भ्याली. मी म्हटलं, "बेटा, ऑपरेशन बहुतेक लागणारच नाही."

"ते नाही. तू परत सही केलीस तर परत तुझ्यावर येईल."

"काय येईल?"

ती रडायला लागली, आणि रडताना पोट दुखतं म्हणून न रडायचा प्रयत्न करायला लागली. तुकड्या-तुकड्याने कळलं. तिने कागदात वाचलं होतं, काही झालं तर सगळी जबाबदारी आईवडिलांची. मी म्हणाले होते, मला पकडून नेतील. त्यात बाबाची तर सहीच नव्हती, एकट्या माझी होती. गुडघा बसला तेव्हा तिचा श्वास अडकला होता, डोळ्यांपुढे अंधारी आली होती, आणि तिने ठरवलं होतं की काहीही झालेलं नाही. कारण काही झालं नाही तर जबाबदारीचा प्रश्नच येत नाही. तिच्या बाजूने हिशेब अगदी चोख होता.

खांद्याचं तेवढं ती बोलली, कारण गुडघा खांद्याला लागला नव्हता. खांदा त्या कागदात बसत नाही असं तिला वाटलं.

मी पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकलं. फार वाईट वाटलं, आणि तरी त्याच क्षणी डोक्यात एक विचार येऊन गेला, की या पोरीने कागद किती नीट वाचलाय. मग मी हॉस्पिटलचा कागद तिला वाचून दाखवला, पहिल्यापासून, मराठी करून. सिस्टर केरळच्या होत्या, त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, घाईही होती, पण त्या थांबल्या. शेवटी रेवतीने विचारलं, "यात कोण जबाबदार आहे?"

"यात डॉक्टरांनी काय करायचं ते लिहिलंय. आणि मी हो म्हटलंय, एवढंच."

"मला हो म्हणायचं असेल तर?"

"म्हण."

"हो," ती म्हणाली. मग मी सही केली.

काचेच्या अलीकडे

अतिदक्षता विभागाचं एक वेळापत्रक असतं आणि बाहेर बसलेल्यांचं दुसरं. आत पहाटे रक्त काढायचे, मग इडली यायची, मग मोठे डॉक्टर राउंडला. बाहेर आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आकडा टिकला का, एवढ्या एका प्रश्नावर आमचा दिवस उगवायचा आणि मावळायचा. टिकला असं कळलं की अम्मा पदराने डोळे पुसून लगेच विचारायच्या, "कॉफी कोणास?" त्यांचा थर्मास हॉस्पिटलभर प्रसिद्ध झाला. पलीकडच्या खुर्चीवर एक आजोबा बसायचे, बायको आत होती. पहिल्या दिवशी नको म्हणाले, दुसऱ्या दिवशी स्वतःचा पेला घेऊन आले.

आणि भांडणं. कुणी लिहीत नाही, पण हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये माणसं जेवढी हळू आवाजात भांडतात तेवढी कुठेच भांडत नसतील. रघूला मास्टरांवर फिर्याद करायची होती. अम्मांचं म्हणणं, "मुलीच्या जातीस कबड्डी कशाला हवी होती?" हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, म्हणजे मलाच म्हटलं. रघू मला म्हणाला, "सही करताना मला एक फोन करायला काय झालं होतं?" मी म्हटलं, "तू वाचून काय करणार होतास? सही केली नाही तर खेळायला घेत नाहीत."

रघूने रेवतीच्या मैत्रिणीच्या आईकडून त्या कागदाची कोरी प्रत मोबाइलवर मागवली. खुर्चीवर बसून वाचली. मी विचारलं, रेवतीने काही चुकीचं सांगितलं होतं का? लहान आहे, एखादा शब्द चुकला असेल. मला मनातून वाटत होतं की चुकला असावा.

"नाही," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगलं भाषांतर आहे."

मास्टर

रक्तस्राव ऑपरेशनशिवायच थांबला. रेवतीला साध्या खोलीत हलवलं, त्या दुपारी सेल्वम मास्टर आले. दारात उभे राहिले, हातात शहाळी, आत येईनात. रघू उठून त्यांच्यासमोर गेला आणि मला वाटलं आता वाजणार. पण मास्टर फार खचलेले दिसत होते. त्याने शहाळी घेतली.

मास्टर तमिळमध्ये बोलत होते, रघू मला सांगत होता. कागदाचं निघालं. मास्टर म्हणाले, तो कागद त्यांनी लिहिलेला नाही. मैदान देणाऱ्यांनी सांगितलं, पालकांकडून असं काहीतरी लिहून घ्या. दुसऱ्या एका क्लबचा होता, स्केटिंगचा, त्यातला 'स्केटिंग' शब्द बदलून मास्टरांनी 'कबड्डी' घातला.

"तुम्ही वाचला होता?" रघूने विचारलं.

मास्टरांनी शिट्टीशी चाळा केला. ती हॉस्पिटलातही गळ्यात होती. "नावापुरता," ते म्हणाले.

म्हणजे मैदानवाल्यांनी तो वाचला नव्हता, मास्टरांनी नाही, मी नाही. बाकी सगळ्या मुलींच्या घरी विचारलं तर तिथेही नाही. मार लागेपर्यंत त्या कागदाची एकुलती एक वाचक अकरा वर्षांची होती, आणि ज्यांच्यासाठी तो केला त्यांच्यापैकी कुणावरही त्याचा परिणाम झाला नाही. झाला तो फक्त तिच्यावर.

हे मास्टरांना सांगायचं की नाही, असं आमचं डोळ्यांनी चाललं होतं. तेवढ्यात रेवतीनेच पलंगावरून तमिळमध्ये सगळं सांगून टाकलं. मला अर्धं समजलं. मास्टर ऐकत राहिले, मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. अम्मांनी त्यांना कॉफी दिली.

व्यंकू

घरी आलो ते पडून राहण्याची शिक्षा घेऊन. धावायचं नाही, उड्या नाहीत, सायकल नाही. कबड्डीचं तर जवळजवळ तीन महिने नावच काढायचं नाही. हा काळ हॉस्पिटलपेक्षा अवघड गेला. हॉस्पिटलात ती आजारी होती. घरी ती धडधाकट मुलगी होती, फक्त आत कुठेतरी न दिसणारं काहीतरी भरून यायचं होतं. आणि माझं काय व्हायला लागलं होतं, तर तिच्या प्रत्येक "काही नाही"वर माझा विश्वास उडाला होता. भूक नाही? काही नाही. गप्प का? काही नाही. मी तिचं पोट चाचपायचे, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघायचे. एकदा ती वैतागून म्हणाली, "आई, काही नाही म्हणजे कधीकधी खरंच काही नसतं." आणि हे मला कसं ओळखू येणार, एवढी एकच भीती माझ्यापाशी शिल्लक राहिली. प्लीहेची भीती डॉक्टरांनी घालवली होती. ही घालवणारं कुणी नव्हतं.

रघूचा मामेभाऊ व्यंकटेश वकील आहे. मैलापूरला असतो. रेवतीला बघायला आला तेव्हा मी त्याच्यापुढे तो कागद ठेवला. फिर्यादीचं रघूच्या डोक्यातून गेलं होतं, पण मला जाणून घ्यायचं होतं. आपण इतक्या ठिकाणी जे लिहून देतो, त्याला अर्थ काय?

व्यंकूने चष्मा वर सरकवला. "वैनी, खेळ म्हटला की लागतें. त्यास कोणी काय करणार? तेवढें तुम्ही मान्य केलें, बरोबर. पण मास्टरनें निष्काळजीपणा केला असता, तर हें दाखवून तो सुटला असता काय? तसं नाही."

"पण मी लिहून दिलंय."

"तुम्ही तुमचें लिहून दिलांत. लेकराचा हक्क लेकराचा. तो आईबापानें सही करून सोडून द्यावा, आणि कोर्टानें डोळे मिटून सरी, बरं, म्हणावें, असं नाही होत."

"मग हा कागद कशाला घेतात?"

"भय वाटावें म्हणून," तो म्हणाला. "कागद बघून बहुत लोक दारातूनच परततात. कोर्टापर्यंत येतो कोण?"

प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, हेही त्याने बजावलं. मी वकील नाही, तेव्हा माझ्या या परिच्छेदाच्या भरवशावर कुणी राहू नये.

रेवती सोफ्यावर आडवी पडून ऐकत होती. "व्यंकू काका, मग मीच सही केली असती तर?"

"तुझ्या सहीस अठरा वर्षें होईपर्यंत किंमत नाही, कण्णा," तो लाडाने म्हणाला.

"आणि मी दुखतंय म्हटलं असतं तर? त्याला किंमत आहे?"

"त्यास आहे," व्यंकू म्हणाला. "आजपण आहे."

रेवतीने मान हलवली आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. मला तेव्हा वाटलं, पोरीच्या डोक्यावरून गेलं.

रविवार

डॉक्टरांनी शेवटची सोनोग्राफी बघून सांगितलं, खेळू दे. रेवतीने रिक्षातच शूज कुठे आहेत विचारलं. अम्मा म्हणाल्या, "चित्र काढ, वीणा शीक, बसून करायचें काहीही शीक." निर्णय माझ्यावर येऊन पडला, आणि खरं सांगते, मला नको म्हणायचं होतं. कबड्डीला नाही. तिच्या पोटात कधीतरी पुन्हा काही दुखेल आणि ती ते माझ्यासाठी गिळून टाकेल, त्याला.

शनिवारी मास्टरांनी नवा कागद पाठवला. हा त्यांनी स्वतः लिहिला होता, हाताने, अर्धं पान. या वेळी रघूने वाचला, अम्मांनी चष्मा लावून वाचला, आणि मग दोघांनी मला सांगितला. मुलीला मार लागला तर खेळ लगेच थांबवणार. घरी फोन करणार, ती नको म्हणाली तरी करणार. मास्टर स्वतः दवाखान्यात नेणार. कबड्डीत लागू शकतं हे पालकांना माहीत आहे. खाली मास्टरांची सही होती. आधीच्या कागदावर ती नव्हती, हे आता माझ्या लक्षात आलं. आम्ही दोघांनी सह्या केल्या. रेवती बघत होती.

रविवारी मी मैदानावर गेले, कुंपणाशी उभी राहिले. ऊन चढलं होतं. मास्टरांनी तिला पहिल्या दिवशी चढाई दिली नाही, नुसतं कडेला पळवलं आणि शेवटी थोडा वेळ पकडीला उभं केलं. एकदा ती पडली. माझी बोटं जाळीत रुतली. उठली, शॉर्ट्स झटकली, परत उभी राहिली.

खेळ संपला आणि मुली घरी पळाल्या नाहीत. रांगेत उभ्या राहिल्या. मला माहीत नव्हतं, पण आमच्या प्रकरणानंतर मास्टरांनी ही पद्धत पाडली होती. घरी जाण्याआधी प्रत्येकीने एक दुखणं सांगायचं. काही नाही, हे उत्तर चालत नाही. नसेल तर शोधायचं. मास्टर छत्री टेकून एकेकीपुढे जात होते. "वलिक्कुदा?" दुखतंय का? एक म्हणाली, कोपर. एक म्हणाली, नख तुटलं. एक चिमुरडी म्हणाली, मास्टर, तुम्ही मला बाद दिलंत ते दुखलं. सगळ्या खिदळल्या. मास्टरांनी गंभीरपणे मान डोलावली आणि पुढे सरकले.

रेवतीची पाळी आली.

"ओण्णुम इल्ल," ती म्हणाली.

मास्टर हलले नाहीत. बाकीच्या मुली वळून तिच्याकडे बघू लागल्या, त्या सगळ्यांना माहीत होतं. मास्टरांनी पुन्हा विचारलं. रेवतीने खाली बघितलं, मग मान वळवून कुंपणाकडे, माझ्याकडे, आणि मोठ्याने मराठीत म्हणाली, "आई, पायाचा अंगठा दुखतोय. आणि पोटात काही नाही, खरंच नाही, पण कुणी अंगावर आलं की भीती वाटते."

मैदानावर मराठी समजणारं माझ्याखेरीज कुणी नव्हतं. तमिळ तिला माझ्यापेक्षा शंभर पटीने बरं येतं, तरी ती मराठीत बोलली. मास्टर माझ्याकडे बघायला लागले, काय म्हणाली म्हणून.

इतकी वर्षं ती मला वाचून सांगत आली होती. मी जाळीला धरून माझ्या भाजीबाजाराच्या तमिळमध्ये शब्द जुळवायला लागले. अंगठा कसाबसा सांगितला, पायाकडे बोट दाखवून. भीतीचा शब्द मला येत होता. "तिला भीती वाटते मास्टर," मी सांगितलं. "कुणी अंगावर आलं की."

मास्टरांनी शिट्टी हातात धरली, सोडली.

"एनक्कुम," ते म्हणाले. मलाही.

मग ते वाकले आणि तिचा अंगठा बघायला लागले.